त्याने काय काय सोडलं

आमच्या घरात खाणाऱ्यापेक्षा सोडणाऱ्याला मान जास्त. आई काशीला जाऊन आली तेव्हा तिने तिथे सीताफळ सोडलं. काशीला गेलं की एक आवडती वस्तू कायमची सोडून यायची, ही रीत सगळ्यांना माहीत असते आणि तिच्यातली पळवाटही सगळ्यांना माहीत असते. शेजारच्या काकूंनी फणस सोडला होता. वऱ्हाडात फणस खातो कोण? आईने मात्र सीताफळच सोडलं, जे ती टोपलीभर खायची. पुढे वलगावच्या शेतातून सीताफळं आली की ती आम्हाला वाटून द्यायची, बोटाला लागलेला गर पदराला पुसायची आणि आम्ही खाताना बघत बसायची. मला ते बघवायचं नाही. माझ्या मोठ्या भावाला मात्र आईचा त्या वेळी फार अभिमान वाटायचा, आणि तो तसं बोलूनही दाखवायचा.

मी लिहिते आहे ते या भावाबद्दल. त्याने आयुष्यात एकेक करून पुष्कळ वस्तू सोडल्या आणि प्रत्येक वेळी लोकांनी त्याचं कौतुक केलं. ज्या एका वस्तूने त्याचं तोंड खाल्लं ती मात्र त्याच्याने सुटली नाही.

लहानपणी घरात संत्री आली की आई फोडी वाटायची. मी माझ्या फोडी तिथल्या तिथे संपवायचे. भाऊ त्याच्या फोडी खिडकीत मांडून अभ्यासाला बसायचा, आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. शेवटी मीच त्यातली एखादी लंपास करायचे. तेव्हाच घरात वाटणी होऊन गेली, मी हावरट आणि तो संयमी. पुढे मी अकोल्याला कॉलेजात मानसशास्त्र शिकवायला लागले आणि तो अमरावतीच्या एका शाळेत पीटीचा सर झाला, तरी ती वाटणी काही बदलली नाही. माझ्या लग्नात मामाने भर मांडवात नवऱ्या मुलाला सांगितलं, “हिले जिलेबीपासून दूर ठेवजा, जावईबापू.” सगळे हसले. मीही हसले आणि जिलेबी खाल्लीच.

खर्रा तो मास्तर झाल्यावर शिकला. विदर्भाबाहेरच्या माणसाला हे प्रकरण समजावून द्यावं लागतं. सुपारीची बारीक कतरण, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या एका पन्नीत घालायचा आणि ते सगळं काळपट, ओलसर होईपर्यंत चोळायचं. त्याला घोटणं म्हणतात. मग त्याच पन्नीची पुडी करून खिशात टाकायची आणि दिवसभर चिमूट चिमूट गालात धरायची. कुणी भेटलं की रामराम झाल्याबरोबर पुडी पुढे येते, आणि नको म्हणणारा शिष्ट ठरतो. मुलगी द्यायच्या आधी आमच्याकडे विचारतात, पोराला काही व्यसन वगैरे? उत्तर येतं, “छ्या! सुपारीच्या खांडाचं व्यसन नाही पोराले. खर्रा तेवढा खाते.” आणि दोन्हीकडची मंडळी समाधानाने चहा पितात. माझ्या वहिनीच्या वडिलांनीही तो असाच पिऊन टाकला होता.

भाऊ दर श्रावणात खर्रा सोडायचा. महिनाभर पुडीला शिवायचा नाही. दुसरे मास्तर मुद्दाम त्याच्या नाकासमोर घोटत बसायचे, हा हसत उठून मैदानावर जायचा. पोळ्याच्या दिवशी बैलांची पूजा झाली की संध्याकाळी पहिली पुडी फोडायचा. मी एकदा म्हटलं, “महिनाभर राहू शकते तं बाकीचे महिने कावून नाही राहत?” तो म्हणाला, “अवं, सोडता येते ना मले. ज्याले सोडता येत नाही त्यानं भ्यावं.” मला ते पटलं, कारण मला साधा चहाही कधी सोडता आला नव्हता. सोडता येतं याची त्याला दरवर्षी खात्री व्हायची, त्यामुळे सोडायची घाई कधी नव्हती. आज मला वाटतं, त्या श्रावणांनीच त्याचा घात केला. एखादा श्रावण त्याला जमला नसता तर तो घाबरला असता, आणि घाबरला असता तर कदाचित वाचला असता.

मी वर्गात फळ्यावर ‘इच्छाशक्ती’ लिहायचे आणि उदाहरण म्हणून भावाचा श्रावण सांगायचे. मुलांना उदाहरण आवडायचं. पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा ते मलाही जास्त आवडायचं.

आई गेली. तिच्या वर्षश्राद्धाला पंगत बसली असताना भावाने सांगितलं की आजपासून आपण आईच्या नावाने तिखट सोडलं. ठेचा, मिरचीची भाजी, झणझणीत रस्सा, सगळं बंद. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. “वऱ्हाडात राहून तिखट सोडनं सोपं नाही बाप्पा,” तो म्हणाला, “माय धन्य झाली.” मलाही भरून आलं, आणि त्याच वेळी माझ्या ताटातला ठेचा मला फार चांगला लागत होता याची लाज वाटली. वहिनीने त्याच्या ताटातली वाटी उचलली आणि दुसऱ्या वाटीत साधं वरण आणून ठेवलं.

पुढच्या वर्षी त्याने ज्वारीची भाकरी सोडली. कारण विचारलं तर म्हणाला, आजोबांचा नेम होता, तो पुढे चालवतो. आजोबांचा असा काही नेम असल्याचं मला आठवत नव्हतं, पण तो माझ्यापेक्षा मोठा, त्याला माझ्याआधीचं आठवणार. मग हिवाळ्यात शेतात रोडग्यांचं जेवण झालं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले ते कडक गोळे फोडून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीशी खायचे, यासाठी आमचे नातेवाईक मूर्तिजापूरहून येतात. भाऊ शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून वरणाच्या वाट्या पीत होता. रोडगे सोडले म्हणे. मग अमरावतीचा दह्यातला गिला वडा सोडला. दर सोमवारी दुपारपर्यंत मौन धरायला लागला. मैदानावर शिट्टी वाजवणं बंद करून टाळ्या वाजवू लागला, कारण काय, तर शिट्टीने पोरं दचकतात, टाळीने जवळ येतात. शाळेतल्या बाकीच्या मास्तरांना तोही एक संस्कारच वाटला. तो बारीक झाला, गाल आत गेले, आणि लोक म्हणायला लागले की चेहऱ्यावर तेज आलंय.

वहिनीला मी फोनवर विचारलं होतं, हे जरा जास्तच होत नाही का? ती म्हणाली, “ताई, मी काय बोलू? सकाळी उठून सांगतेत आज हे सोडलं. मी तसा सयपाक करते.” तिच्या आवाजात कौतुक नव्हतं. ते मला ऐकू आलं होतं, पण मी फोन ठेवला आणि पेपर तपासायला बसले.

मग शाळेच्या गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात त्याचा सत्कार ठरला. विषयच होता आत्मसंयम. त्याने मला आग्रहाने बोलावलं, म्हणून मी सकाळच्या गाडीने अकोल्याहून बडनेऱ्याला उतरले आणि ऑटो करून शाळेत पोचले. त्याचं भाषण छोटं झालं. शब्द दाटून येत होते, ‘स’ नीट निघत नव्हता, पण माईकच तसा असेल असं मला वाटलं. मुख्याध्यापकांनी त्याच्या सोडलेल्या वस्तू वाचून दाखवल्या. पोरांनी प्रत्येक वस्तूला टाळी वाजवली. पाहुण्यांनी शाल घातली, नारळ दिला आणि रीतीप्रमाणे पेढा भरवायला हात पुढे केला.

मी पहिल्या रांगेत होते. मला सगळं स्पष्ट दिसलं. पाहुण्यांचा हात त्याच्या ओठांपर्यंत गेला आणि भावाने तोंड उघडलं, म्हणजे उघडायचा प्रयत्न केला. मानेच्या शिरा ताणल्या, डोळे बारीक झाले, आणि दातांत एक फट तेवढी पडली. पाहुणे हसत हसत पेढा दाबत राहिले. पेढा दातांना लागून कुस्करला आणि शालीवर पडला. भाऊ दोन पावलं मागे सरला, हात जोडले आणि माईककडे वळून म्हणाला, “माफ करा. गोड सोडलंय आजपासून.”

टाळ्यांनी मंडप दणाणला. पाहुण्यांनी त्याला मिठीच मारली. माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, असा माणूस आता बघायला मिळत नाही. माझे हात मांडीवरून उठले नाहीत. मी शालीवर पडलेला पेढा बघत होते.

घरी आल्यावर मी त्याला शालही खाली ठेवू दिली नाही. “भाऊ, तोंड उघड.”

“कावून?”

“उघड म्हणते ना मी.”

“आता काय डाक्टर झाली का तू?”

मी त्याच्या हनुवटीला हात घातला. आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्या भावाच्या अंगाला असा हात लावला. माझं एक बोटही त्याच्या दातांतून सरळ जाईना. जेवढा गाल आतून दिसला तेवढा पांढरा पडला होता आणि ओठाच्या कडेने घातलेल्या करंगळीला जुन्या चामड्यासारखा लागत होता. दाराशी वहिनी उभी होती. तिने पदर तोंडाला लावला.

“लपवून कावून ठेवलं?” मी ओरडले.

“लपवलं नाही,” तो म्हणाला. “सोडत गेलो ना एक एक.”

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला तोंडाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होता, त्याला माझ्या भावाची कीर्ती माहीत नव्हती. तपासून झाल्यावर तो माझ्याकडे वळून सांगायला लागला. सुपारीने तोंडाच्या आतली कातडी घट्ट होत जाते. सुरुवातीला तिखट सोसत नाही, आग होते. मग कडक भाकरीसारखं काही चावता येत नाही. घास लहान करावा लागतो. फुंकर घालता येत नाही, शिट्टी वाजवता येत नाही. बोलणं जड होतं. भावाने एकेक वस्तू ज्या क्रमाने सोडली होती तोच क्रम डॉक्टर मला सांगत होता. मी भावाकडे बघितलं. तो भिंतीवरचं दातांचं चित्र बघत होता.

“इतकी वर्षं आलात का नाही?” डॉक्टरने त्याला विचारलं. त्याने खिशातून रुमाल काढून ओठ पुसले.

परत येताना ऑटोत मी त्याला विचारलं, आईचं नाव कशाला मध्ये घेतलंस? राग गेला नव्हता, पण आवाज बसला होता. तो म्हणाला, “खोटं नव्हतं वं थे. तोंड जळून राहिलं होतं अन् मायचं वर्षश्राद्ध आलं. दोन्ही संगच मनात आलं. मले वाटलं, तिच्यासाठीच सोडून राहिलो. लोकायले आवडलं. मंग पुढचं सोपं झालं.”

मी हेच शिकवते. माणूस आधी करतो आणि मग त्याला चांगलंसं कारण शोधतो, हे मी दरवर्षी सांगते. पण पुस्तकातल्या माणसाला बहीण नसते.

डॉक्टरने दोन गोष्टी सांगितल्या होत्या. खर्रा आजपासून बंद. आणि तोंडाचा व्यायाम. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, दुखलं तरी धरायच्या, आणि जमेल तशी एकेक काडी वाढवायची. गालात इंजेक्शनं पण सुरू झाली. ज्याने आयुष्यभर पोरांना सूर्यनमस्कार शिकवले त्याला व्यायामाचं काय सांगायचं! त्याचा एक दिवस चुकला नाही. वहिनी फोनवर सांगायची, डोळ्यांतून पाणी येतं पण काडी काढत नाहीत. “आज एक काडी वाढवली यायनं,” असं ती म्हणाली की मी अकोल्यात आनंदाने गोड करून खायचे. खर्राही बंद होता. वहिनीने खिसे तपासले होते, शाळेजवळच्या पानठेलेवाल्याला तंबी दिली होती. तो श्रावणच होता, तेव्हा मला शंका आली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी न कळवता गेले. दुपार होती. वहिनी आत धान्य निवडत होती. भाऊ मागच्या ओसरीत खुर्चीवर बसलेला, पाठ माझ्याकडे. दातांत काड्या धरलेल्या, मान ताठ, घड्याळ समोर ठेवलेलं. मला त्याचं कौतुक वाटलं, अगदी खरं सांगते, जुनंच कौतुक वाटलं. मग मी बाजूने पुढे गेले. त्याच्या मांडीवर पन्नी होती आणि त्याचा अंगठा तिच्यावर सावकाश फिरत होता. तो खर्रा घोटत होता. व्यायामाने तोंड उघडत होतं ते पुडीची चिमूट आत जावी म्हणून. व्यायाम संपायची तो वाट बघत होता, आणि वेळ पुरी झाल्याशिवाय काड्या काढत नव्हता.

मी ती पन्नी हिसकावली आणि नालीत फेकली. तोंडाला येईल ते बोलले. निर्लज्ज म्हटलं, ढोंगी म्हटलं, आईचं नाव बुडवलंस म्हटलं. वहिनी धावत आली आणि नालीकडे बघून तिथेच खाली बसली. भावाने काड्या काढल्या, पुसल्या, डब्यात ठेवल्या.

“मले वाटलं होतं, सोडता येते मले,” तो म्हणाला. “बाकी समदं सोडलं थे या एकासाठीच. एवढं सोडलं, तं एवढं एक राहू द्या, असं. कोनाले म्हनत होतो काय मालूम.”

मग तो रडायला लागला. माझा भाऊ कधी रडल्याचं मला आठवत नाही. रडतानाही त्याचं तोंड पुरतं उघडत नव्हतं आणि आवाज नाकातून येत होता. माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिले आणि मला फक्त भीती वाटत होती.

उन्हाळ्यात गालात आतून जखम झाली, ती भरेना. तुकडा तपासायला पाठवला. जे यायचं तेच उत्तर आलं. अमरावतीच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, डाव्या बाजूचा गाल आणि जबड्याचा भाग काढला, मांडीचं मांस तिथे लावलं. नाकातून नळी घातली, तिच्यातून वहिनी पातळ खिमटी सोडते. बोलता येत नाही. सगळं निघालं की नाही ते डॉक्टर अजून नक्की सांगत नाहीत, पुढच्या तपासणीची वाट बघायला सांगतात.

ऑपरेशननंतर मामा बघायला आला, आपल्या मोठ्या मुलाला घेऊन. दोघांच्याही अंगाला तो वास होता, ओल्या सुपारीचा आणि चुन्याचा, मी कुठेही ओळखेन असा. मामा पलंगाशी उभा राहिला, भावाच्या कपाळावर हात ठेवला. म्हातारा गहिवरला होता. मग तो मुलाकडे वळला. “पाय, शिक काही. खर्रा सुटते काय कोनाचा? यानं एका दिवसात सोडला. ऑपरेशन झालं तवापासून चिमूट नाही तोंडात. लोखंडाचं मन हाय याचं.”

मी तोंड उघडलं होतं. सगळं बाहेर येणार होतं, जीभ दातांना लागलीही होती. पण आधी मी भावाकडे बघितलं. पट्ट्यांमधून त्याचे डोळे मामाकडे लागले होते आणि तो हळूहळू मान हलवत होता, हो म्हणून. हात जोडायला त्याने उजवा हात उचलला, डावा सलाइनमध्ये अडकलेला होता. वहिनीने मला डोळ्यांनी खुणावलं, असू दे. मी तोंड मिटलं.

मामा आणखी बरंच बोलला. भावाचा उजवा हात चादरीवर परत आला. तिथे औषधांची रिकामी पन्नी पडली होती. ती त्याने मुठीत घेतली आणि अंगठ्याने चोळायला लागला, सावकाश, एका लयीत, मामाकडे बघत आणि मान हलवत. मामाच्या मुलाला ते दिसलं, त्याने नजर फिरवली आणि स्वतःच्या खिशावर हात ठेवला. वहिनी उठली. तिने भावाची बोटं एकेक करून सोडवली आणि ती पन्नी काढून घेतली.